अस्वलाने सोललेला हिनोकी

"पटणार नाही तुम्हाला. आजवर कुणालाच पटलेलं नाही. पण इवाओनं एकदा साठ फुटी हिनोकीची साल बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका तुकड्यात काढली होती. खाली उतरला, चटईसारखी गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि मला म्हणतो कसा, 'तामेदादा, आज अंथरुणाची सोय झाली.'"

एवढं बोलून मी चहाचा घोट घेतला. देवळाच्या परांचीखाली दहाच्या चहाला आम्ही बसलो होतो. वर हिनोकीच्याच सालीनं शाकारलेलं छप्पर निम्मं उघडं पडलेलं. अडतीस वर्षांची जुनी साल काळ्या भुशासारखी खाली येत होती आणि चहाच्या कपांवर तरंगत होती.

"साठ फूट एका तुकड्यात?" छप्परवाल्यांचा मुकादम रोकुरो म्हणाला. त्याच्या गालात बांबूचे चाळीसेक खिळे भरलेले होते. हे लोक खिळे तोंडात ठेवतात आणि जिभेने एकेक पुढे सारून ठोकतात, त्यामुळे त्यांचं बोलणंही खिळ्यांमधून वाट काढत येतं. "मग फांद्या काय त्यानं खिशात घातल्या?"

"फांद्या सरकल्या बाजूला. झाडं लाजायची त्याला."

"आणि तुम्हाला?"

"मला घाबरायची."

परांचीवरची पोरं हसली. आशिदासान हसले नाहीत. ते देवस्थानच्या समितीचे प्रमुख. आयुष्यभर पोस्टमास्तर होते, त्यामुळे माणसाकडेही पत्ता नीट लिहिलाय की नाही अशा नजरेने बघतात. त्यांच्यासमोर पाटावर शाईचा दगड होता, कुंचला होता आणि हिनोकीच्या सालीचे दोन नवे तुकडे होते. एकावर माझं नाव लिहून झालं होतं. मीच लिहिलं होतं, उजव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात. लहानपणी मास्तरांनी पट्टी मारून शिकवलेलं अक्षर. त्याला वळण येणार कुठून?

दुसरा तुकडा कोरा होता.

"तामेझोसान," आशिदा म्हणाले, "गमती पुरे झाल्या. बाई पहिल्या बसनं आल्यात. त्यांना काहीतरी सांगून परत पाठवायला हवं."

बाई म्हणजे मिसाए. इवाओची मुलगी. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा बारा वर्षांची होती, शाळेचं दप्तर पाठीला लावून बापाच्या मागे टेम्पोत चढत होती. आता पन्नाशीची झाली. गुडघे मोडून ताठ बसली होती. समोर निळ्या कापडाचं गाठोडं. चहाला अजून हात लावला नव्हता.

"मला नुसतं काही सांगून पाठवू नका," ती म्हणाली. "बाबांचं नाव लिहायचं आहे. हो की नाही, तेवढं सांगा."

प्रश्न एवढाच होता. नवं छप्पर घालताना, ज्यांनी ज्यांनी त्याची साल काढली, शाकारणी केली, त्यांची नावं सालीच्या आतल्या अंगाला लिहून ते तुकडे छपरात घालतात. वर आणखी साल बसते, आणि मग ती नावं पुढचं छप्पर उतरेपर्यंत कुणाला दिसत नाहीत. फक्त देवाला दिसतात म्हणतात. मी ऐंशी पार केली आहे. माझं नाव पुन्हा उघडं पडेल तेव्हा मी कुठे असेन ते सांगायला नको. पण ते तिथे आहे या विचाराने म्हाताऱ्या माणसाला झोप बरी लागते.

आणि देवाच्या राईतलं झाड ज्याने मारलं, त्याचं नाव छपरात जात नाही. हाही नियम जुनाच आहे.

"गेल्या शरद ऋतूत गेले ते," मिसाए म्हणाली. "शेवटचे दोन महिने माणसं ओळखत नव्हते. उजवा हात तेवढा चालू असायचा. पलंगाची कड सोलायचे. नर्स म्हणायची, आजोबा काय शोधताहेत? मी म्हटलं, काही शोधत नाहीत, काम करताहेत."

रोकुरोने चावणं थांबवलं. म्हणजे खिळे चावत नाही कुणी, पण तो कायम काहीतरी चावत असल्यासारखा दिसतो.

"पेटी कसली केलीस?" मी विचारलं.

"हिनोकीची म्हणून दिली. आत भुसा दाबलेली फळी होती. वरून वास फवारलेला."

आमच्यात मूल जन्मलं की हिनोकीच्या घंगाळात न्हातं आणि मेलं की हिनोकीच्या पेटीत झोपतं. मधल्या काळात ज्याला परवडेल त्याने परवडेल तेवढा हिनोकी घ्यावा. इवाओने कामाच्या आयुष्याची पहिली वीस वर्षं या झाडाला दोन्ही पायांनी मिठी मारून काढली आणि पुढची तीस खालच्या शहरातल्या कारखान्यात, प्लास्टिकच्या टबांवर लाकडाच्या रेघा छापत.

"देवाचं झाड गेलं त्या वर्षी तुम्ही तिथे होतात," आशिदा मला म्हणाले. "उस्ताद गेले, बाकीचे गेले. उरलात तुम्ही एकटे. तुम्ही म्हणालात की नाव घालायला हरकत नाही, तर मी लिहितो. पण कारण सांगा. समितीला कारण लागतं."

तर कारण सांगायचं होतं. आणि कारणं सांगण्यात या खोऱ्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

आधी काम काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ऐंशी वर्षांचा हिनोकी झाला की त्याची पहिली साल काढतात. ती राठ असते, कामाची नसते. झाडाला ती द्यायचीच नसते, म्हणून ते वाईट साल देतं, असं उस्ताद म्हणायचे. मग दहा वर्षं वाट पाहायची. त्या जागी जी दुसरी साल येते ती काळसर, तेलकट, मऊ. छपराला तीच लागते. म्हणजे आज सोललेल्या झाडाचं फळ दहा वर्षांनी, तेही झाड जिवंत राहिलं तर. त्यासाठी बाहेरच्या सालीखालचा तांबूस पापुद्रा राखावा लागतो. आम्ही त्याला गोड साल म्हणतो. लोखंड चालत नाही. टणक लाकडाची दीड वीत लांबीची पाचर, टोकाला जिभेसारखी चपटी, ती बुंध्याशी सालीखाली सारायची आणि उचलत उचलत वर जायचं. दोर आणि दांडकं, बाकी काही नाही. वसंतात रानातली चेरी फुलली की पाचरी पेटीत, काम बंद. तेव्हा झाड पाणी चढवायला लागतं, गोड साल सुटते, आणि वरच्या सालीबरोबर तीही निघून येते. मग झाड मरतं. लगेच नाही. उन्हाळ्यापर्यंत हिरवं राहून तुम्हाला बरं वाटू देतं, आणि मग एका आठवड्यात तपकिरी होतं.

त्या वर्षी असंच झालं. देवळामागचा तीनशे वर्षांचा हिनोकी, ज्याला सणाला दोर बांधायचे, तो भर उन्हाळ्यात तपकिरी झाला. अजून उभा आहे. देवाचं झाड मेलं तरी तोडत नाहीत. परांचीखालून दिसतो, पांढरा, हाडासारखा.

उस्तादांनी इवाओला आणि मला त्याच्याखाली उभं केलं होतं. बुंध्यावरचे ओरखडे बोटाने चाचपले. "चेरीनंतर सोललंय हे," म्हणाले. "कुणी?"

उस्ताद म्हणजे माझे सासरे. मी त्या घरात घरजावई गेलो, त्यांचं आडनाव घेतलं. चार पिढ्या देवाची राई त्या घराकडे होती. इवाओ रोजावर येणारा माणूस.

"कुणी?" उस्ताद दुसऱ्यांदा म्हणाले.

इवाओ कमरेत वाकला. चूक कबूल करताना वाकतात तसा. खूप वेळ वाकलेलाच राहिला. महिन्याभरात त्याने खोरं सोडलं.

हे सगळं आशिदांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. आता अडतीस वर्षांनी इवाओला वर चढवायचं होतं, आणि त्यासाठी कुणाला खाली ओढायला नको होतं. असल्या कामाला जनावर बरं पडतं.

"ते झाड इवाओनं मारलं नाही," मी म्हणालो.

मिसाएने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"अस्वलानं मारलं."

रोकुरो खोकला. एक खिळा बाहेर पडला.

"हसू नका. मी डोळ्यांनी पाहिलंय." आणि खरंच सांगतो, तेवढ्यात ते मला दिसायला लागलं. थाप मारण्याआधी मी ती स्वतः नीट बघून घेतो, नाहीतर ऐकणाऱ्याला काय दिसणार? "अस्वलीण होती. छातीवर पांढरी चंद्रकोर, एवढी मोठी. बरोबर पिल्लू. इवाओनं ते झाड थंडीतच सोललं होतं, काचेसारखं स्वच्छ. मे महिन्यात ही बया आली. पाणी चढलेलं, गोड साल सुटलेली. हिनं नखं लावली, टर्र करून फाडली आणि पिल्लाला म्हणाली, चाट."

"पिल्लाला म्हणाली?" रोकुरो.

"नजरेनं म्हणाली. आई बोलते तशी."

"अस्वलं साली फाडतात, ते खरं आहे," आशिदा हळूच म्हणाले. "पलीकडच्या डोंगरात गेल्या वर्षी शंभर झाडं गेली. पण ते बुंध्याशी. इथले ओरखडे तर तीन पुरुष उंचीपर्यंत आहेत."

"वर जायला तिला दोर लागतो का? आपल्याला लागतो."

आशिदांनी मान हलवली. माणूस एकदा आपणहून अर्धं मानायला लागला की पुढचं अर्धं तोच ओढून आणतो.

"मग इवाओसाननं कबूल का केलं?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मी कप खाली ठेवला, आवाज उतरवला.

"पिल्लासाठी. अस्वलानं देवाचं झाड मारलं म्हटल्यावर बंदुका घेऊन माणसं गेली असती की नाही? इवाओ मला म्हणाला, 'तामेदादा, तिचं पिल्लू दूध पितंय अजून. मला काय, मी कुठेही जाऊन काम करीन.' असा माणूस! मी त्याला शब्द दिला, बोलणार नाही म्हणून. आज तो नाही, ती अस्वलीणही नसेल. म्हणून बोललो."

वर कुठेतरी एका पोराने नाक ओढलं. माझेही डोळे भरून आले होते. हा माझा जुना दोष आहे. माझ्या थापेवर पहिला मीच विश्वास ठेवतो.

मिसाएच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही.

"काका," ती म्हणाली, "बाबा थंडीत कसे सोलायचे? स्वच्छ, म्हणजे कसं? मी कधी पाहिलं नाही. मला राईत येऊ द्यायचे नाहीत. आणि नंतर तर..."

तिने गाठोडं सोडलं. आत सहा पाचरी होत्या, एका ओळीत नीट मांडलेल्या. तेल लावलेल्या, मधासारख्या पिवळट. वास आला. अडतीस वर्षांनी इवाओच्या त्या तेलाचा वास आला.

"दाखवता?"

"का नाही!" मी म्हणालो. अशा वेळी माझं वय साठ वर्षांनी कमी होतं. ओळीतली एक पाचर उचलली आणि उठून परांचीच्या खांबाशी गेलो. खांबही हिनोकीचाच, अंगावर साल असलेला. "हे बघा. इवाओचा हात असा जायचा. दाबायचा नाही, विचारायचं. झाडाला विचारायचं, येऊ का आत? मग टोक असं सारायचं, मनगट असं फिरवायचं, आणि ती स्वतः सुटते. बघ, बघ, पोरी, आवाज ऐक!"

सर्रर झालं. हातभर साल खांबावरून अलगद उठली. खालचा तांबूस पापुद्रा कुठेही खरचटला नव्हता. परांचीवरची पोरं "वा!" म्हणाली. मी दुसऱ्यांदा पाचर सारली, तिसऱ्यांदा सारली. देवाची आण, वीस वर्षांत मी झाडाला हात लावला नव्हता, पण हात विसरला नव्हता. अंगठा पाचरीवरच्या खळग्यात असा बसला होता, जसा रोजचा कप ओठाला बसतो.

सांगायचं राहिलं. इवाओने पहिल्यांदा सोललेली झाडं होती राईत, दोनशे तरी. दहा वर्षांनी त्यांची दुसरी साल मी काढली. काळी, तेलकट, अव्वल. तिच्यासारखी साल त्या वर्षी देशात कुणी काढली नाही, असं सरकारी साहेब म्हणाले. मानपत्र मिळालं. घरात लावलेलं आहे, काचेत.

"इवाओची पद्धत ही!" मी वळून म्हणालो. "असा हात गोड साल फाडील? तुम्हीच सांगा, आशिदासान."

आशिदांनी चष्मा काढून पुसला. "नाही फाडणार," ते म्हणाले. "समितीला मी सांगतो. अस्वल होतं म्हणून." त्यांनी कुंचला उचलला, शाईत बुडवला, टोक दगडाच्या कडेवर नीट निथळलं आणि सालीचा कोरा तुकडा आपल्याकडे ओढला. "इवाओ. अक्षरं कुठली लिहायची, बाई? एका उच्चाराची चार असतात."

"थांबा," मिसाए म्हणाली.

कुंचला सालीच्या बोटभर वर थांबला.

"अगं, थांबा काय?" मी म्हणालो. "लिहू दे की. एवढ्या लांबून ज्यासाठी आलीस..."

"त्यासाठीच आलेय. अस्वलाच्या मेहेरबानीनं नको." ती बसल्या जागची हलली नाही, आवाजही चढवला नाही. "आज सकाळी देवळात यायच्या आधी मी मागे जाऊन ते झाड बघून आले. ओरखडे डाव्या बाजूनं आत शिरलेत. खालपासून वरपर्यंत सगळे."

"म्हणजे अस्वल डावरं असेल," रोकुरो म्हणाला. नेहमीसारखी गंमत करायला गेला, पण बोलता बोलता त्याची नजर माझ्याकडे वळली आणि खाली घसरली. मग त्याने तोंडातले खिळे तळहातावर काढून ठेवले. सगळे. त्याचं तोंड रिकामं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"अस्वलबिस्वल काही नव्हतं," मिसाए म्हणाली. "खोटं बोलताय, काका."

"अगं, मी डोळ्यांनी..."

"या सहांतल्या पाच बाबांच्या. अंगठ्याचा खळगा बघा, पाचींचा एका बाजूला. सहावीचा दुसऱ्या बाजूला. आई म्हणायची, टाका ती, कुणाच्या कामाची नाही. बाबा दर थंडीत तिला तेल लावायचे, पुसायचे, परत ठेवायचे. तिच्या टोकाला चिकाचा काळा डाग आहे, तेवढा मात्र त्यांनी कधी घासला नाही. कुणाची आहे म्हणून विचारलं तर म्हणायचे, 'एका माणसाची राहिलीय माझ्याकडे. मागायला आला तर देऊ.'"

आशिदांच्या कुंचल्यातून शाईचा एक थेंब सालीवर पडला. पसरला नाही. हिनोकीची साल शाई लगेच पीत नाही, थेंब तसाच गोल राहिला.

मला काहीतरी बोलायचं होतं. माझ्याकडे कायम काहीतरी असतं. शाळेत माझा हात बाकाला बांधून ठेवायचे, त्यातून मी बाकासकट घरी पळालो होतो, अशी एक चांगली गोष्ट आहे माझ्याकडे. जेवणात, लिहिण्यात मी सुधारलो. झाडावर चढल्यावर कोण बघतंय, म्हणून तिथे हाताला मोकळा सोडायचो. उस्ताद खाली असायचे, वर फक्त इवाओ, शेजारच्या झाडावर. तो बघायचा आणि हसायचा. चेरी फुलून आठ दिवस झाले होते आणि छपराला सालीचे चार भारे कमी पडत होते. घरजावयाने कमी भारे घेऊन कुठल्या तोंडाने परत जावं?

मी पाचर खाली ठेवायला गेलो, तर बोटं उघडेनात.

मिसाएने सहाव्या पाचरीची रिकामी जागा कापडावर हाताने सारखी केली आणि म्हणाली,

"राहू दे काका, ठेवू नका. अडतीस वर्षं ती आमच्या घरात कुणाच्याच हातात बसली नाही. तुमच्या डाव्या हातात बघा कशी बसलीय."